अडथळ्यांचा रकाना

सिंगापूरमध्ये मी नऊ वर्षं बंदुका मोजल्या. पुण्याला गेल्यावर हे कुणाला सांगितलं की समोरचा हसून विचारायचा, "मग, किती भरल्या?" मीही हसायचो. आता ते काम सुटलं आहे आणि हसूही येत नाही. सिंगापूरमधल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी कामाच्या गमतीजमती लिहून मागितल्या. गमती आहेत, त्यातली एक सांगतोही. पण मला खरं लिहायचंय ते एका तक्त्यातल्या एका रकान्याबद्दल, आणि त्यात मी लिहिलेल्या शून्याबद्दल.

मी मापाचा माणूस. भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये सुरुवात झाली. तिथल्या फोरमननी पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, जॉब, म्हणजे मोजायचा भाग, पुसल्याशिवाय त्याला मायक्रोमीटर लावायचा नाही. धातूचा कीस, तेल, धूळ, काहीही मध्ये आलं तर तुम्ही जॉब मोजत नसता, घाण मोजत असता. दुसरी, जे मोजलं नाही त्याच्यापुढे आडवी रेघ मारायची, शून्य लिहायचं नाही. शून्य हेही माप आहे, ते घ्यावं लागतं. पहिली गोष्ट माझ्या मनगटात इतकी मुरली की अजूनही मी चष्मा दर वेळी पुसल्याशिवाय डोळ्याला लावत नाही आणि शुभदा, माझी बायको, त्यावरून मला चिडवते. दुसरीही तितकीच मुरली आहे अशी माझी समजूत होती.

सिंगापूरला आलो तो उबी भागातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये. मशिनच्या सुट्या भागांची मापं घेऊन दाखले देणं हा धंदा. मालक राजन, इथेच जन्मलेले तमिळ गृहस्थ, एका नेमबाजी क्लबचे सभासद होते. त्यांच्यामुळे क्लबच्या बंदुकांचं काम आमच्याकडे आलं. इथला बंदुकांचा कायदा फार कडक आहे. सभासदाची स्वतःची बंदूकही घरी जात नाही. ती क्लबच्या शस्त्रागारात राहते, सहीने बाहेर येते, सहीने आत जाते. मीही मोजायचो ते तिथेच, नेमबाजीच्या रेंजच्या मागच्या खोलीत, क्लबचा एक अधिकारी समोर बसलेला असताना.

येणाऱ्या प्रत्येकाची तक्रार एकच. नेम चुकतोय, बंदूक बघा. दातांचे एक डॉक्टर होते. नळी वाकडी झालीय असं ते दर दोन महिन्यांनी छातीठोकपणे सांगायचे. मी मोजायचो, नळी सरळ. मग पिस्तूल बाकाला बोल्ट केलेल्या पोलादी शिकंज्यात पक्कं बांधून पाच गोळ्या झाडायचो. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली जायची. तो कागद मी काही न बोलता त्यांच्यासमोर ठेवायचो. चौथ्या वेळी ते म्हणाले, "मिलिंद, एकदा तरी बंदुकीची चूक काढ ना. बायकोला घरी जाऊन काय सांगू?" आम्ही दोघं खूप हसलो. कागद पुढे करायचा आणि समोरच्याने मान खाली घालून "म्हणजे माझाच हात" असं म्हणायचं, यात मला एक सुख होतं. ते सुख होतं हे आज लिहिताना कळतंय.

अंकल चियांशी ओळख याच खोलीत झाली. इथे वडीलधाऱ्या माणसाला अंकल म्हणतात. हे चिनी गृहस्थ, सत्तरी ओलांडलेले, बेडोकला राहणारे. आयुष्यभर सरकारी वसाहतींमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. चाळीस वर्षं क्लबचे सभासद, आणि त्या चाळीस वर्षांत रेंजच्या वहीत त्यांच्या नावापुढे एकही शेरा नाही. याचा त्यांना केवढा अभिमान होता! निवृत्तीनंतर त्यांनी आधुनिक पिस्तूल सोडून टोपीच्या रिव्हॉल्वरचा नाद धरला होता.

हा प्रकार बाहेरच्या माणसाला थोडा समजावून सांगायला हवा. ही दीडशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीची, पण आज नव्याने बनवलेली रिव्हॉल्वरं. यात तयार काडतूस नसतं. फिरत्या चक्राच्या घरांत काळी दारू आणि शिशाची गोळी हाताने भरायची आणि प्रत्येक घराच्या मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. लहानपणी दिवाळीत आपण टिकल्यांचं पिस्तूल उडवायचो, त्यातली टिकली करते तेच काम ही टोपी करते. घोडा तिच्यावर आपटतो, ठिणगी पडते, आतली दारू पेटते. धूर निघतो, हात काळे होतात, वेळ लागतो. जगभर अशा नेमबाजीच्या स्पर्धा होतात. अर्ध्या तासात तेरा गोळ्या, त्यातल्या उत्तम दहा धरतात. स्वस्तातल्या नकला भिंतीवर टांगायला बऱ्या. स्पर्धेसाठी बनवलेलं रिव्हॉल्वर मात्र घड्याळासारखं असतं. चक्राचं प्रत्येक घर नळीच्या बरोबर समोर थांबायला हवं, घराचा व्यास नळीतल्या आट्यांशी, म्हणजे आतल्या पिळदार चरांशी, जुळायला हवा, चाप दर वेळी तेवढ्याच दाबाने सुटायला हवा. असं रिव्हॉल्वर बनवणारे कारागीर थोडे आणि त्यांचा माल महाग.

अंकलना परदेशातल्या अशा एका स्पर्धेत एकदा, फक्त एकदा, उतरायचं होतं. त्यांच्या नावे परवाना एकाच रिव्हॉल्वरचा मिळणार होता. क्लबने युरोपातल्या तीन कारागिरांची तीन रिव्हॉल्वरं रीतसर मागवली. त्यातलं एक अंकल घेणार, उरलेली दोन क्लबची. कोणतं घ्यायचं हे ठरवायला तिन्हींची तुलना करून अहवाल द्यायचं काम माझ्याकडे आलं. आजवर कुणी एवढ्या विश्वासाने माझ्याकडे काही सोपवलं नव्हतं.

"लिफ्टचं बटण मी दाबून बघतो," अंकल म्हणाले, "पण यातलं इतकं बारीक मला दिसत नाही, जवळचं दिसणं गेलं आता. तू सांगशील ते मी घेईन."

"तीनही चांगली आहेत, अंकल. थोडासाच फरक असणार."

"थोडासा म्हणजे किती, ते सांगायलाच तुला बोलावलंय ना? बिस्किटं खायला नव्हे." आणि खोक्यातली शेवटची बिस्किटं त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

मी तिन्हींना चिठ्ठ्या बांधल्या. हिरवी, निळी, लाल. पंधरा दिवस मोजत होतो. एक एक घर, एक एक आटा. मग तिन्ही आळीपाळीने शिकंज्यात बांधून झाडली. लाल चिठ्ठीचं रिव्हॉल्वर वेगळंच होतं. त्याची भोकं एकमेकांत अशी मिसळायची की कागदावर एकच फाटकं छिद्र दिसावं. माझ्या उभ्या आयुष्यात मी हातात घेतलेली ती सगळ्यात सुंदर वस्तू होती, आणि मी तिच्या प्रेमात पडलो हे कबूल करायला हवं.

आता टोपीबद्दल एक गोष्ट. घोडा पडला की तांब्याची टोपी फाटते आणि तिचे तुकडे सुटतात. असा एखादा तुकडा घोड्याखालच्या खाचेत पडला तर चक्र अडकतं. याला आम्ही अडथळा म्हणतो. म्हणून हे रिव्हॉल्वर चालवणारा माणूस पुढच्या गोळीसाठी घोडा ओढताना नळीचं तोंड जरा वर उचलतो, म्हणजे तुकडा मागच्या मागे गळून पडतो. पण शिकंज्यात बांधलेलं रिव्हॉल्वर उचलता येत नाही. मी काय करायचो? प्रत्येक गोळीनंतर एका बारीक चिमट्याने टोपीचे तुकडे उचलायचो, खाच साफ करायचो, फुंकर मारायचो, आणि मगच घोडा ओढायचो. हे मी ठरवून केलं नाही. जॉब पुसल्याशिवाय माप घ्यायचं नाही, हे माझ्या हाताने परस्पर केलं. तिन्हींना सारखीच वागणूक दिली म्हणून मला वर समाधानही वाटलं.

अहवालात शेवटचा रकाना होता अडथळ्यांचा. मी तिन्हींपुढे शून्य लिहिलं. शून्य, शून्य, शून्य. अडथळा आलाच नव्हता ना! येऊ दिला नव्हता, हे त्या वेळी डोक्यातही आलं नाही.

खोटं कशाला सांगू, डोक्यात नाही, पण हातात आलं होतं. हिरव्या आणि निळ्या रिव्हॉल्वरच्या टोपीचा तुकडा वरच पडलेला असायचा, चिमटा लावला की निघायचा. लाल रिव्हॉल्वरला मला चिमटा खाचेत खुपसून तुकडा ओढून काढावा लागायचा. एकदा नाही, पुष्कळदा. माझ्या बोटांना हे माहीत होतं. मी मात्र ते कुठेच लिहिलं नाही.

अंकलनी अहवाल दोनदा वाचला. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "तेरा गोळ्यांत अडकणार नाही ना?"

"शून्य," मी म्हणालो.

"गुड," ते म्हणाले. लाल चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने सोडली आणि खिशात घातली.

महिन्याभरानंतरची गोष्ट. सकाळची वेळ होती. मी मागच्या खोलीत दुसऱ्या कुणाची तरी रायफल मोजत होतो. बाहेर अंकलचा सराव चाललेला. काळ्या दारूचा आवाज जाडसर, दबका असतो, कानाला त्याची सवय झाली होती. मध्येच एक आवाज निराळा आला. पाठोपाठ रेंजवरची शिट्टी.

चक्र अर्ध्यात अडकलं होतं. अशा वेळचा नियम साधा आहे. नळीचं तोंड लक्ष्याकडेच ठेवायचं, दुसरा हात वर करायचा आणि अधिकाऱ्याची वाट बघायची. चाळीस वर्षं हा नियम पाळलेल्या माणसाने त्या दिवशी हात वर केला नाही. डाव्या हाताने चक्र धरून ते अंगठ्याच्या नखाने खाचेतला तुकडा काढायला गेले. घोडा निसटला. चक्राचं घर नळीच्या बरोबर समोर नव्हतं, गोळीला वाट नव्हती. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं.

मी धावत बाहेर आलो तेव्हा ते जमिनीवर बसले होते आणि अधिकाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगत होते, "सॉरी हं. माय फॉल्ट. सॉरी."

क्लबने चौकशी केली. तीन माणसांची समिती. जाण्याआधी राजननी मला गाडीतच थांबवलं.

"जेवढं विचारतील तेवढंच सांग."

"सर, टोपीचं एक आहे. मी चाचणीत चिमट्याने..."

"त्यांनी चिमट्याबद्दल विचारलं तर सांग. विचारलं नाही तर हिरो बनू नकोस. तुझा पास पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचाय. कागदावर सही मी करणार आहे, आणि वर्कशॉपच बंद पडलं तर ती सही कुणाच्या नावाने करू?"

आपल्यातले जे इथे एम्प्लॉयमेंट पासवर राहतात त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. नोकरी गेली की पास जातो, पास गेला की सेंगकांगचा फ्लॅट, ईराची शाळा, सगळं काही आठवड्यांत गुंडाळायचं. माझी लेक ईरा त्या वर्षी मोठ्या परीक्षेला बसणार होती. पीआरचा, म्हणजे इथल्या कायम रहिवासाचा, अर्जही टाकलेला होता. ही सगळी कारणं खरी होती. तरीही त्यातलं एकही कारण मला पुरत नाही.

समितीने विचारलं, "तुमच्या चाचणीत या रिव्हॉल्वरला अडथळा आला होता का?"

मी म्हणालो, "नाही."

चिमट्याबद्दल कुणी विचारलं नाही. कोण विचारणार? ती सवय फक्त माझी होती, आणि माझ्याखेरीज कुणाला माहीत नव्हती. समोर बसलेला अधिकारी रोज पाहत होता, पण त्याला वाटत असणार, मोजायचं म्हणजे असंच असतं. निष्कर्ष निघाला नेमबाजाचा निष्काळजीपणा. अंकलनी तो मान्य केला. त्यांचा परवाना रद्द झाला. चाळीस वर्षांच्या कोऱ्या वहीत त्यांच्या नावापुढे पहिला आणि शेवटचा शेरा पडला. काळ्या दारूची नेमबाजी क्लबने कायमची बंद केली. लाल चिठ्ठीचं रिव्हॉल्वर सरकारजमा होऊन नष्ट करण्यात आलं, असं नंतर कळलं.

माझा पास रिन्यू झाला. पीआरचा अर्ज नामंजूर झाला.

पण समितीसमोरचं ते "नाही" हे माझं सगळ्यात मोठं खोटं नव्हे. ते नंतर बोललो, बेडोकला.

अंकल इस्पितळातून घरी आल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. दाराबाहेरच्या लांब गॅलरीत मिसेस चिया, म्हणजे आंटी, कुंड्यांना पाणी घालत होत्या. ठेंगणी, तुरुतुरु चालणारी बाई. अंकल आत झोपले होते. आंटींनी मला बार्लीचं पाणी दिलं, समोर बसल्या आणि दार लोटून घेतलं.

"तू खरं सांग. तू इंजिनियर आहेस. मशिन बरोबर होतं का?"

मी ग्लास खाली ठेवला.

"मशिन बिघडलेलं असेल तर मी त्यांना काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मशिन बरोबर असेल तर मग त्यांचंच चुकलं ना? म्हातारे झाले. लक्ष नसतं आता. मला माहीत असलं पाहिजे, मिलिंद. घरात मी आणि तेच आहोत."

"रिव्हॉल्वरमध्ये दोष नव्हता, आंटी."

"ओके," त्या म्हणाल्या. एकदाच मान हलवली, एखादी शंका मिटल्यासारखी. "थँक यू हं."

त्या दिवसापासून त्या बाईने नवऱ्यावर विश्वास ठेवणं सोडलं. यात भांडण नव्हतं, आरडाओरडा नव्हता. सुरी त्यांच्या हातात द्यायची नाही. शेगडी त्यांनी बंद केली की मागून जाऊन पुन्हा बघायचं. दिवा बदलायला शेजारच्याला बोलवायचं. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला! दुसऱ्या वर्षी त्यांना नात झाली. चिनी नववर्षाला मी इथल्या रीतीप्रमाणे दोन संत्री घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. सून बाळाला घेऊन आली. अंकलनी दोन्ही हात पुढे केले, एक पुरता, एक तीन बोटांचा. आंटींनी मधल्यामध्ये बाळ उचललं. "यू सिट. यू डोन्ट होल्ड, ओके? नंतर पाडाल." सगळे हसले. अंकलही हसले आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

मी तिथे होतो, संत्र्याची साल सोलत. एका वाक्याने ते हात मोकळे झाले असते.

गेल्या वर्षी आंटी गेल्या. थोड्या दिवसांच्या आजाराने. इथे इमारतीच्या खालच्या मोकळ्या मजल्यावर, व्हॉइड डेकवर, मंडप घालून तीन-चार दिवस लोक भेटायला येतात. अंकल टेबलापाशी बसून आंटींसाठी जाळायच्या सोनेरी कागदाच्या घड्या घालत होते. डाव्या हाताने कागद धरता यायचा नाही, सुटून जायचा, ते पुन्हा धरायचे. मी शेजारी बसून घड्या घालू लागलो. माझ्या घड्या काटकोनात अगदी नेटक्या येत होत्या. त्यांची बोटं आणि माझ्या घड्या शेजारी शेजारी बघून मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

त्यानंतर मी राजनची नोकरी सोडली. शस्त्रक्रियेची उपकरणं मोजणाऱ्या एका कंपनीत लागलो, नवा पास मिळाला. निमित्त म्हणून मागे लपायला काही उरलं नाही. तरीही हिंमत व्हायला पुढचे पाच महिने गेले.

बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, आम्ही शनिवारी सकाळी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घ्यायला भेटायचो. त्या शनिवारी मी आधी पोचून टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली होती. अंकल आले, बसले. मी सगळं सांगितलं. शिकंजा, चिमटा, खाच, तिन्ही शून्यं. समिती. ऐकताना त्यांनी कपाला हात लावला नाही.

"लाल रिव्हॉल्वर अडकायचं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. मी दोनदा हात वर केला, अधिकारी आला, तुकडा काढून दिला. तिसऱ्यांदा अडकलं तेव्हा मला लाज वाटली. मला वाटलं, मिलिंदच्या कागदावर शून्य आहे. म्हणजे मी नळी नीट उचलत नाहीये. हात म्हातारा झाला. सारखा सारखा काय हात वर करायचा, सगळे बघतात. म्हणून त्या दिवशी नखाने..."

समितीलाही त्यांनी हेच सांगितलं होतं, हात म्हातारा झाला म्हणून. मी मनाशी हजार वेळा चाळलेल्या शक्यतांमध्ये ही नव्हती. मला वाटायचं, माझ्या शून्याने फक्त धोका लपवला. त्याने चाळीस वर्षं वर जाणारा तो हातसुद्धा खाली ओढला होता.

"लिफ्टच्या वहीत बिघाड शून्य लिहिलेलं दिसलं ना," अंकल म्हणाले, "की मी आधी लिहिणाऱ्याचं तोंड बघायचो. तीस वर्षं बघितलं. तुझं नाही बघितलं."

"अंकल, मी..."

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"तिने तुला विचारलं होतं. मला म्हणाली होती ती, मिलिंदला विचारलं म्हणून." त्यांनी टिश्यूच्या पाकिटातून एक टिश्यू काढला आणि समोरचं स्वच्छ टेबल पुसत राहिले. "बाळाला घेऊ दिलं नाही मला. नात आता शाळेत जाईल. आता घेण्याएवढी राहिली नाही."

मी माफी मागितली. ते ओके म्हणाले नाहीत, नेव्हर माइंड म्हणाले नाहीत, जे इथला माणूस पाय तुडवला तरी म्हणतो. उठताना म्हणाले, "रिपोर्ट पुन्हा लिही. बरोबर लिही. सोप्या इंग्लिशमध्ये, तिला अवघड वाचता यायचं नाही. मी तिला वाचून दाखवीन."

आंटींच्या अस्थी ज्या कोलंबेरियममध्ये ठेवल्या आहेत, तिथे भिंतीभर लहान लहान कप्पे असतात, कप्प्यावर फोटो. तिथे जाऊन ते वाचणार होते.

क्लबलाही मी पत्र पाठवलं. प्रकरण बंद झालेलं आहे, कळवल्याबद्दल आभार, असं दोन ओळींचं उत्तर आलं.

मग मी रिपोर्ट लिहायला बसलो. जुन्या वहीतली मापं होती, ती सगळी बरोबर होती. घरांचे व्यास, चापाचा दाब, भोकांमधली अंतरं. ती मी जशीच्या तशी उतरवली. शेवटचा रकाना आला. हिरव्यापुढे काय, निळ्यापुढे काय, लालपुढे काय? मला आठवतं, पुष्कळदा. पुष्कळदा म्हणजे तेरा गोळ्यांत किती? दोन? सहा? अंकलसाठी आकडा मोठा लिहावा असं एकदा वाटलं, आणि लगेच कळलं की ते दुसरं खोटं शून्य होईल. पुन्हा मोजायला रिव्हॉल्वर नाही. ते वितळून कधीच गेलं. टोपीचे तुकडे मी तेव्हाच कचऱ्यात टाकले होते. राहिला आहे फक्त चिमटा, माझ्या टेबलाच्या खणात.

तिन्हींपुढे मी आडवी रेघ मारली. पंचवीस वर्षांपूर्वी शिकवलेलं. खाली टीप लिहिली, की प्रत्येक गोळीनंतर तुकडे चिमट्याने काढले होते म्हणून अडथळे मोजले गेले नाहीत, आणि रिव्हॉल्वरमध्ये दोष नव्हता असं मी आंटींना सांगितलं ते मला माहीत नसताना सांगितलं. मग "माहीत नसताना" खोडलं. "माहीत असून" लिहिलं.

इंग्रजी तपासायला ईराला दाखवलं. तिला थोडंफार माहीत होतं, सगळं नाही. वाचून ती म्हणाली, "बाबा, धिस लाइन लाइक यू फरगॉट टु काउंट लाह. यू फरगॉट, इज इट?"

"नाही," मी म्हणालो.

"देन?"

तिला जे उत्तर दिलं तेच वर एवढं लिहिलं आहे.

पुढच्या शनिवारी कागद घेऊन बेडोकला गेलो. अंकलनी चष्मा लावून उभ्याउभ्याच वाचला, तीन बोटांनी कागदाचा कोपरा धरून. शेवटच्या रकान्यापाशी आले. लालपुढच्या रेघेवर बोट ठेवलं, जसं तेव्हा शून्यावर ठेवलं होतं.

"ती विचारेल," ते म्हणाले. "तिला सगळं नीट विचारायची सवय होती. विचारेल, मग ते मशिन अडकत होतं ना, किती वेळा? मी काय सांगू?"

  मग ते कागदाची एका हाताने घडी घालायला लागले. घडी वाकडी येत होती. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.